१७७ रुपये आणि जुना नंबर

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २३ मार्च २०२३ रोजी सकाळी, बँकेचा एक संदेश आला. माझ्या कार्डावरून मोबाईल कंपनीला ८८३ रुपये ८२ पैसे जाणार आहेत आणि ते जाऊ द्यायचे नसतील तर तसे आधी कळवावे, एवढाच त्याचा मजकूर होता. मी आयुष्यभर एका सहकारी बँकेत इतरांच्या खात्यांचे आकडे जुळवले, त्यामुळे घरचा आकडा चुकलेला चटकन लक्षात येतो. आमचे पोस्टपेड बिल गेली कित्येक वर्षे ७०६ रुपये ८२ पैसे येत असे. मूळ भाडे ५९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्यात माझा क्रमांक आणि त्याला जोडलेला आईचा क्रमांक असे दोन फोन चालत. आता त्याच दोन फोनांचे भाडे ७४९ रुपये झाले होते आणि करासह फरक बरोबर १७७ रुपयांचा होता.

हा संदेश बँकेने आपणहून पाठवलेला नव्हता. कार्डावरून दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो नसता तर हे पैसे निमूटपणे गेले असते आणि मला कदाचित दिवाळीत पत्ता लागला असता. कारण कंपनीने सूचना दिलीच नव्हती असे मला म्हणता येत नाही. संदेशांच्या ढिगाऱ्यात मागे मागे जात शोधले, तेव्हा २ फेब्रुवारीचा एक एसएमएस सापडला. कर्जाच्या आणि कॉलर ट्यूनच्या जाहिरातींमध्ये तो दडलेला होता. आपला प्लॅन बंद होत असून पुढील बिलापासून आपल्याला अधिक डेटा असलेल्या नव्या प्लॅनचा लाभ मिळेल, असे त्यात आनंदाने कळवले होते. नवे भाडे किती, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते पाहण्यासाठी एक दुवा दिला होता. शिवाय ११ मार्चला ईमेलने आलेल्या बिलातही नवा आकडा होता, पण पैसे आपोआप जातात म्हणून मी ती पीडीएफ उघडायचे कधीच सोडून दिले होते. हा दोष माझा आहे आणि तो मी पुढच्या पत्रव्यवहारातही लपवला नाही.

त्याच दिवशी १९८ या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक तरुण बोलायला आला. मुलगा नम्र होता, पण माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होते: ‘मॅडम, तुमचा प्लॅन अपग्रेड झाला आहे.’ मी विचारले, की मी अपग्रेड मागितले होते का? तो म्हणाला, ‘नाही मॅडम, पण जुना प्लॅन आता सिस्टीममध्येच नाही.’ मग मला काय करता येईल, असे विचारल्यावर त्याने आणखी महागड्या तीन प्लॅनांची नावे वाचून दाखवली. तक्रार नोंदवून घ्या आणि तिचा क्रमांक द्या, असे मी सांगितले तेव्हा तो किंचित घुटमळला, पण क्रमांक दिला. या क्रमांकाशिवाय फोन ठेवू नये, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच पहिल्यांदा विचारतात. तिसऱ्या दिवशी माझ्या तक्रारीचे ‘समाधानकारक निराकरण’ झाल्याचा एसएमएस आला. निराकरण कोणते, ते त्यात नव्हते.

कपाटातून २०१६ सालचा अर्ज काढला. त्याच्या पाठीमागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत अटी छापलेल्या होत्या. भिंगाने वाचल्यावर अपेक्षित होते तेच सापडले: कंपनी दर आणि योजना पूर्वसूचना देऊन बदलू शकते आणि सूचनेनंतर ग्राहकाने सेवा वापरणे चालू ठेवले तर त्याची संमती धरली जाईल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ६२ वे कलम सांगते, की जुन्या कराराऐवजी नवा करार करायला किंवा त्यात बदल करायला दोन्ही पक्ष राजी झाले, तर मूळ करार पाळण्याची गरज उरत नाही. म्हणजे बदलासाठी दोघांचा होकार हवा. मात्र पहिल्या सहीतच पुढच्या सगळ्या बदलांना होकार घेऊन ठेवला असेल, तर ‘दोघे’ हा शब्द फारसा उरत नाही. मौन म्हणजे संमती, असे आपण लग्नाच्या बोलणीत गमतीने म्हणत असू. टेलिफोनच्या अर्जात ते अगदी गंभीरपणे लिहिलेले होते.

ट्राय, म्हणजे आपल्याकडची दूरसंचार नियामक संस्था, तिच्या दरविषयक आदेशात ग्राहकाला एक संरक्षण आहे: प्लॅन घेतल्यापासून ६ महिने कंपनीला त्यातला कोणताही दर वाढवता येत नाही आणि प्लॅनची मुदतच ६ महिन्यांहून अधिक असेल तर ती संपूर्ण मुदत. माझ्या बाबतीत ते ६ महिने २०१६ मध्येच संपले होते. तेव्हा ‘तुम्हाला दर वाढवण्याचा हक्कच नाही’ असा पवित्रा घेण्यात अर्थ नव्हता. नवे दर मान्य नाहीत, ते मला समजतील अशा रीतीने कळवलेले नाहीत, आणि म्हणून मी कोणताही भुर्दंड न सोसता जाणार, एवढेच माझे म्हणणे राहिले. ते पुरेसे होते.

त्या आठवड्यात माझ्या मावसभावाशी बोलणे झाले. तो इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो आणि त्याचाही त्याच सुमारास मोबाईलच्या दरवाढीवरून कंपनीशी वाद चालू होता. तिकडे फोनचा करार म्हणजे खरोखरच करार असतो, बहुधा २४ महिन्यांचा, आणि मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतात. त्याबदल्यात तिथल्या ऑफकॉम या नियामकाने एक दार उघडे ठेवले आहे: कंपनीने करार चालू असताना ग्राहकाच्या तोट्याचा बदल केला, तर तिने किमान एक महिना आधी कळवले पाहिजे आणि ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडता आले पाहिजे. पण त्यावर कंपन्यांनी केव्हाच तोडगा काढला होता. दरवर्षी महागाईचा दर अधिक ३.९ टक्के एवढी वाढ होईल, हे कलम त्यांनी मूळ करारातच घातले, म्हणजे तो ‘बदल’ ठरत नाही. डिसेंबर २०२२ चा महागाईचा दर १०.५ टक्के होता, त्यामुळे त्या वसंत ऋतूत असंख्य ब्रिटिश ग्राहकांची बिले १४.४ टक्क्यांनी वाढली आणि कुणालाही बाहेर पडता आले नाही. पुढे ऑफकॉमने १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांमध्ये असे महागाईला बांधलेले कलम घालण्यास मनाई केली. वाढ करायचीच असेल तर ती किती पौंड आणि पेन्स, हे आता सही करतानाच सांगावे लागते. हे सारे ऐकवून झाल्यावर तो मला म्हणाला, ‘ताई, तुला सोडताना दंडच नाही, तर तू भांडतेस कशाला? उद्या सोड की.’

त्याच्या बोलण्यात तथ्य होते, पण त्याला एक गोष्ट उमगली नव्हती. आपल्याकडे माणूस कराराने बांधलेला नसतो, क्रमांकाने बांधलेला असतो. मी एका दुपारी वही घेऊन बसले आणि माझा क्रमांक कुठे कुठे दिला आहे ते लिहून काढले: आधार, दोन बँका, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, गॅस, महावितरण, प्राप्तिकर, डिजिलॉकर, पोस्टातली बचत खाती. आईच्या क्रमांकाची यादी लहान होती, पण अधिक नाजूक होती, कारण तिच्या निवृत्तिवेतनाचे सगळे संदेश त्यावर येत आणि तिच्या पिढीतल्या ज्या चार मैत्रिणी आता उरल्या आहेत, त्यांच्या वह्यांत शाईने तोच लिहिलेला होता. ती म्हणाली, ‘अगं, १७७ रुपये मी देते दर महिन्याला, पण माझा नंबर घालवू नकोस.’ वर्षाचे २,१२४ रुपये होतात, हे मी तिला सांगितले नाही.

तेव्हा जोडणी बंद करायची नव्हती; क्रमांक घेऊन उठायचे होते. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ३ जुलै २०१५ पासून ती एका परिमंडळातून, म्हणजे दूरसंचार खात्याने पाडलेल्या एका विभागातून, दुसऱ्यात जातानाही मिळते. आमचे दोन्ही क्रमांक सांगलीचे, म्हणजे महाराष्ट्र परिमंडळातले, ज्यात गोवा येतो पण मुंबई येत नाही. दूरसंचार खात्याचा नकाशा शाळेतल्या नकाशाशी जुळत नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे परिमंडळातल्या परिमंडळात बदल करायला कामाचे ३ दिवस लागतात आणि बाहेर जायचे असेल तर ५.

यात पोस्टपेड ग्राहकाला एक मेख आहे. निघालेले बिल थकलेले असेल तर पोर्ट करण्यासाठी, म्हणजे क्रमांक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्यासाठी, लागणारा संकेतांकच मिळत नाही. वादातले बिल असले तरी ते आधी भरावे लागते आणि भांडण मागाहून करावे लागते. पुष्कळ जण इथेच अडतात: रागाच्या भरात आपोआप पैसे जाण्याची सोय आधी बंद करतात, बिल थकते आणि मग जाताही येत नाही. मी ८८३ रुपये ८२ पैसे जाऊ दिले, पावती उतरवून घेतली, ‘ही रक्कम तक्रारीचा हक्क राखून भरली आहे’ असा ईमेल कंपनीला पाठवला आणि त्यानंतरच बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन कार्डावरची कायमची परवानगी रद्द केली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ती परवानगी कंपनीला दिलेली असते पण मोडायची बँकेकडे, हे मलाही, बँकेत जन्म घालवून, त्या दिवशी नीट समजले.

सोमवारी, २७ मार्चला, दोन्ही फोनांवरून १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे आपला दहा आकडी क्रमांक असा एसएमएस पाठवला. प्रत्येक क्रमांकासाठी त्याच फोनवरून वेगळा पाठवावा लागतो. काही मिनिटांत यूपीसी नावाचा आठ अक्षरे-आकड्यांचा संकेतांक आला. त्याची मुदत ४ दिवसांची असते, त्यामुळे तो आधी मागवून ठेवून मग दुकानांचे दर विचारत हिंडणे बरे नव्हे. नवी कंपनी आणि प्लॅन मी आधीच ठरवले होते. आणखी एक अट हल्लीची आहे: १ जुलै २०२४ पासून सिम कार्ड बदलून घेतल्यावर ७ दिवस हा संकेतांक मिळत नाही. कुणाचे तरी सिम फसवून बदलून घ्यायचे आणि लगेच क्रमांक पळवायचा, या प्रकाराला आळा बसावा म्हणून ती घातली आहे. माझ्या वेळी ती नव्हती.

संध्याकाळी दुकानात गेल्यावर वेगळाच प्रश्न निघाला. मला वाटत होते की आईला आणावे लागेल, आणि तिच्या बोटांचे ठसे वयोमानाने इतके झिजले आहेत की आधारच्या यंत्रावर ते उमटत नाहीत. रेशनच्या दुकानात हा छळ तिने सोसलेला आहे. पण दुकानातल्या मुलीने संगणकात पाहून सांगितले, की हा क्रमांक कागदोपत्री आईचा नाहीच, तो माझ्या नावावर आहे. जोडलेले क्रमांक मुख्य ग्राहकाच्या नावावर असतात, हे २०१६ साली मला कुणी सांगितले असेल तर मी ते विसरले होते. सात वर्षे आई ज्याला ‘माझा नंबर’ म्हणत होती तो माझा निघाला. त्या दिवशी ते सोयीचे पडले, माझ्याच बोटांवर दोन्ही कामे झाली. आधी नावबदल करून मग पोर्ट करू म्हटले असते तर मात्र पंचाईत होती, कारण मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना पोर्टची विनंती नाकारली जाते.

आईसाठी मी पोस्टपेड घेतले नाही. प्रीपेडमध्ये २८ दिवसांचा ‘महिना’ ही मोठी चलाखी आहे, कारण वर्षात त्याची १३ रिचार्जे होतात. ट्रायने २०२२ च्या आरंभी काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारा ठेवावा लागतो. हे प्लॅन दुकानातल्या फलकावर ठळक नसतात, विचारावे लागतात. मी विचारला, मुलीने दोनदा ‘तो परवडत नाही मॅडम’ म्हणून पाहिले आणि मग दिला.

त्यानंतरचे दोन दिवस जुन्या कंपनीने मला जितके प्रेम दिले तितके आधीच्या सात वर्षांत दिले नव्हते. दिवसातून चार फोन येत. एकीने तीन महिने जुन्याच भाड्यात देऊ केले, दुसऱ्याने वर्षभर ५० रुपये सूट, तिसऱ्याने तर जो प्लॅन ‘सिस्टीममध्येच नाही’ असे मला सांगितले होते, तोच पुन्हा चालू करून देण्याची तयारी दाखवली. हे लेखी द्या, असे मी प्रत्येकाला म्हटले. लेखी कुणीच दिले नाही. विनंती केल्यापासून २४ तासांच्या आत ती रद्द करता येते, हे या मंडळींना पक्के ठाऊक असते, म्हणून पहिल्या दिवशीचे फोन जास्त गोड असतात.

रामनवमीची सुट्टी मध्ये आली आणि शुक्रवारी, ३१ मार्चच्या पहाटे, जुन्या सिमचे नेटवर्क गेले. नवे सिम घालून फोन चालू केला तेव्हा सात वाजले होते. आईने आपल्या फोनवरून माझ्या फोनवर रिंग दिली, माझ्या पडद्यावर तिचे नाव उमटलेले पाहिले आणि विचारले, ‘तोच आहे ना?’ तोच होता. तिने मग मैत्रिणींपैकी एकीला फोन लावून काहीही बदलले नसल्याचे पंधरा मिनिटे सविस्तर सांगितले.

शेवटचे बिल एप्रिलमध्ये आले आणि ११ मार्चपासून वापरलेल्या दिवसांचे भाडे नव्या दराने लावलेले होते. तेही भरले. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीशी संबंध संपला असे समजून हे अखेरचे बिल सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. ती थकबाकी जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते आणि क्रमांक तिथेही बंद पडू शकतो.

आता राहिले होते ते फेब्रुवारी-मार्चच्या बिलातले १७७ रुपये. तक्रारीवर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते, त्याला शुल्क नाही आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो, अशी तरतूद २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांत आहे. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही; तिथे अर्ज पाठवणारे बरेच जण याच गैरसमजात महिने घालवतात. ५ एप्रिलला मी दोन पानांचे अपील पाठवले. त्यात रागाचा शब्द नव्हता. २ फेब्रुवारीच्या एसएमएसचे छायाचित्र जोडले आणि एवढेच विचारले, की ज्या सूचनेत नवी किंमतच नाही तिला किंमतवाढीची सूचना कसे म्हणावे.

अपील फेटाळले गेले असते तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. तिथेही एक दार बराच काळ बंद होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन बिलाचा वाद टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाकडेच न्यावा, ग्राहक मंचाकडे नव्हे, असा निर्णय दिला होता आणि त्याचा आधार घेऊन अनेक तक्रारी दारातूनच परतवल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने मोबाईल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगांना ऐकता येतात असा निःसंदिग्ध निकाल दिला. ते प्रकरण अहमदाबादचे होते: महिना २४९ रुपये भाडे असलेल्या पोस्टपेड ग्राहकाला एका महिन्याचे २४,६०९ रुपये ५१ पैसे बिल आले होते आणि त्याचेही पैसे क्रेडिट कार्डावरून आपोआप जात असत. ते वाचताना मला स्वतःचेच काहीतरी वाचल्यासारखे वाटले. आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. करारच अन्याय्य आहे, असे म्हणायचे असेल तर मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्ह्यात नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते, म्हणून मी माझा मसुदा ‘सेवेतील त्रुटी’ एवढ्यावरच बेतला होता.

तो मसुदा वापरावा लागला नाही. ९ मे रोजी उत्तर आले, की कंपनीने नियमांचे काटेकोर पालन केले असून कोणतीही चूक झालेली नाही, तथापि ग्राहकाशी असलेले दीर्घ संबंध लक्षात घेऊन १७७ रुपये परत करण्यात येत आहेत. चूक नसताना पैसे परत करण्याचा हा उदारपणा मी बँकेत असताना कधी पाहिला नव्हता. पैसे आठवड्याभरात खात्यात आले.

उरली ५०० रुपयांची अनामत, जी २०१६ साली घेतली होती आणि जिचा उल्लेख ना त्या शेवटच्या बिलात होता, ना अपिलाच्या उत्तरात. जोडणी संपल्यापासून ६० दिवसांत अनामत परत करावी आणि उशीर झाल्यास वर्षाला १० टक्के व्याज द्यावे, असा तेव्हा नियम होता. मी पावतीचा क्रमांक देऊन दोन स्मरणपत्रे पाठवली. ५०० रुपये १२ जूनला, म्हणजे ७३ व्या दिवशी जमा झाले. १३ दिवसांचे व्याज १ रुपया ७८ पैसे होते. आई म्हणाली, सोडून दे आता. पण ज्या कंपनीने माझ्या एका दिवसाच्या उशिराला विलंब शुल्क लावलेले आहे, तिला हा हिशेब कळवणे मला आवश्यक वाटले, म्हणून मी तो रजिस्टर पत्राने कळवला. टपालाला त्याच्या कितीतरी पट पैसे लागले. पोचपावती सही-शिक्क्यानिशी परत आली असून ती २०१६ च्या अर्जामागे टाचून ठेवली आहे. १ रुपया ७८ पैसे मात्र अजून येणे आहे.